पुसलेलं हिरवं

थोरला फरशी बसवायचा. दिवसभर उकिडवं बसून, सगळा भार पायाच्या अंगठ्यांवर. त्यामुळे अंगठा दुखतो म्हणाला तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटायचं ते याचं, की मोठं काम हाती आलं की नेमकं दुखणं उपटायचं. गाऊट असेल म्हणून रक्त तपासलं, तर यूरिक ॲसिड अगदी बेताचं. शेवटी धाकट्याने त्याला आपल्या सीटी मशीनवर घेतलं. धाकटा स्कॅन सेंटरात तंत्रज्ञ, घरात त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "काही निघालं नाही," तो म्हणाला, आणि थोरल्यावर कामचुकारपणाचा शिक्का बसला तो बसलाच. ठेकेदाराने बोलावणं बंद केलं. वहिनी कारखान्यात शिवणकामाला जाऊ लागली आणि नवऱ्याशी कामापुरतं बोलू लागली.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. आज थोरला पुन्हा त्याच टेबलावर निजला होता, अंगठा सुजून टम्म. नव्या डॉक्टरने पाठवलं होतं.

मशीन दोन वेगळ्या ताकदीचे किरण सोडतं आणि सांध्यात साचलेले यूरिक ॲसिडचे खडे पडद्यावर हिरवे रंगवून दाखवतं. हिरवं म्हणजे गाऊट. फक्त नखंही हिरवी दिसतात, ते हिरवं खोटं. ते पुसून चित्र पुढे पाठवायचं, हे धाकट्याचं रोजचं काम.

आज सांधा हिरवागार होता. शेजारचं हाड कुरतडल्यासारखं झालं होतं.

"जुना स्कॅन परत रंगवा," स्कॅन वाचणाऱ्या सेंटरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि काही पुसू नका."

त्याने रंगवला. नख हिरवं झालं. त्याच्या मागे, सांध्यावर, दोन ठिपके उमटले. लहान, पण स्वच्छ. तेव्हा नख पुसताना त्याने भलामोठा गोल काढला होता, त्यात तेही गेले होते. त्या दिवशी घाईबिई काही नव्हती. परका पेशंट असता तर गोल नखापुरताच काढला असता. भाऊ नाटक करतोय, हे त्याने मशीन सुरू करायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

"तेव्हाच औषध सुरू झालं असतं तर हाड वाचलं असतं," बाई म्हणाल्या. "आडनाव तुमचंच दिसतंय. कोण लागतात तुमचे?"

"सख्खा भाऊ."

"मग तुम्हीच सांगा त्यांना. सगळं सांगा."

बाहेर बाकावर थोरला आणि वहिनी बसले होते.

"गाऊटच आहे, दादा."

थोरल्याचे डोळे भरून आले. "ऐकलंस?" तो बायकोला म्हणाला. "खोटं नव्हतो गं बोलत मी."

"मग भावोजी, तेव्हा कसं नाही दिसलं?"

धाकट्याने तोंड उघडलं. पण थोरलाच मध्ये पडला. "त्याला काय विचारतेस? मशीनला दिसलं नसेल. दिसलं असतं तर हा गप्प बसला असता का? पाठचा भाऊ आहे माझा."

"हो," धाकटा म्हणाला. "मशीनला नाही दिसलं."

वहिनी खाली बसली, नवऱ्याचा सुजलेला पाय तिने अलगद मांडीवर घेतला आणि रडत म्हणाली, "चुकलं हो माझं."

त्या तिघांत माफी मागितली ती तिने एकटीने.