सुटलेला सूर

मित्रांनो, माझ्या पोटात डोकावलात तर लाकडावर पेन्सिलीने लिहिलेले एक नाव दिसेल: एमेट स्टँपर. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात त्याचे सुतारकामाचे दुकान होते. एरवी तो कपाटे आणि शवपेट्या करी. गिटार मात्र त्याने आयुष्यात एकच केली, ती मी. माझी समोरची फळी स्प्रूसच्या हलक्या लाकडाची आहे आणि पाठ एका मोडक्या पलंगाच्या महोगनीची. मला घडवायला त्याला सबंध हिवाळा लागला. पॉलिश सुकल्यावर त्याने मला मुलीच्या हाती दिले आणि म्हणाला, "घे. आता तरी माझ्या खुर्च्यांवर ताल धरायचं सोड."

मुलीचे नाव व्हर्ली. ती एकोणीस वर्षांची होती आणि खाली गावातल्या गिरणीत पायमोज्यांची टोके शिवायची.

त्या काळी आम्हा गिटारींना फारसा मान नव्हता. धून फिडलवाल्याची, म्हणजे व्हायोलिन वाजवणाऱ्याची. आम्ही मागे उभ्या राहून धम्-चक, धम्-चक करायचे, बस्स. हे बदलले ते पलीकडच्या खोऱ्यातल्या होबार्ट पेन्ली नावाच्या माणसाने. तो लाकडाच्या वखारीत करवत चालवायचा. फिडलच्या धावत्या धुना त्याने एकेक सूर टिपत गिटारीवर आणल्या, त्याही अशा स्वच्छ की ओढ्याच्या तळाचे गोटे मोजावेत. शनिवारी दुपारी तो रेडिओवर लागला की गावातल्या न्हाव्याचा वस्तरा थांबे, आणि अर्ध्या दाढीचे गिऱ्हाईकही तक्रार करीत नसे.

त्याची एक रेकॉर्ड व्हर्लीने मिळवली. धुनेचे नाव 'घाटातलं तट्टू'; रेडिओवर ती तो वाजवीत नसे. दुसऱ्या कडव्यात धून चढत चढत सर्वांत वर पोचते आणि नेमका तिथे एक सूर नाही. एक बारीकशी शांतता, आणि मग खाली उडी. व्हर्ली ग्रामोफोनची सुई उचलून पुन्हा पुन्हा तिथेच ठेवी. गिरणीतून आल्यावर, बोटांवर सुया टोचल्याच्या खुणा असताना, तिने ती धून माझ्यावर बसवली. त्या शांततेसह.

आमच्या भागात त्या शांततेचे मोठे कौतुक होते. कुणी म्हणे, तिथे तट्टू दम खाते. कुणी म्हणे, तिथे माणसाने देवाचे नाव घ्यावे. व्हर्ली चर्चच्या तळघरात मुलांना गिटार शिकवू लागली, तेव्हा त्यांनाही तिने बजावले, "तिथं वाजवायचं नाही. तिथं थांबायचं. होबार्टकाका थांबतात."

हे ज्याला मुळीच पटत नसे असा एक माणूस गावात होता. ड्वाइट ॲबशर, टपाल वाटणारा. तोही चांगला वाजवी, आणि तो सूर मुद्दाम ठणकावून वाजवी.

"पायरी गाळून जिना चढतेस तू," तो म्हणे.

"आणि तू जिन्यावर बूट आपटत चढतोस," व्हर्ली म्हणे.

ऑगस्टमधल्या वादकांच्या जत्रेत दोघेही स्पर्धेत उतरले. गिटारीच्या स्पर्धेत त्या वर्षी व्हर्ली एकटीच बाई होती. मंचावरच्या निवेदकाने विचारले, "काय बाई, नवऱ्याची गिटार धरून उभ्या आहात का?" लोक हसले. व्हर्लीची बोटे माझ्या मानेवर घामाने घसरली, पण ती म्हणाली, "नवरा असता तर तो आत्ता घरी भांडी घासत असता." मग लोक आणखी हसले, आणि या वेळी तिच्या बाजूने. तिने 'घाटातलं तट्टू'च वाजवली. ड्वाइटनेही तीच वाजवली. परीक्षकांचे एकमत होईना. त्या दिवशी होबार्ट पेन्ली जत्रेतच होता, एका झाडाखाली बसून उकडलेले शेंगदाणे खात होता. ड्वाइट तरातरा त्याच्याकडे गेला, मागोमाग व्हर्ली, मागोमाग निम्मी जत्रा.

"होबार्टकाका, तुम्हीच सांगा," ड्वाइट म्हणाला, "तो सूर आहे की नाही?"

होबार्टने सालपट थुंकले. "आहे ना. का नसावा?"

"मग रेकॉर्डमध्ये?"

"अरे, आदल्या दिवशी करंगळीवर ओंडका पडला होता. ही एवढी पट्टी बांधलेली. रेकॉर्डवाले एकच दिवस आले होते, परत कोण बोलावणार? तिथं बोट पोचेना, म्हणून सुटला."

मग ड्वाइट हसू लागला, आणि हळूहळू सगळेच. व्हर्लीने मला पेटीत ठेवले. झाकण लावून ती निघाली. सहा वर्षे तिने दुसऱ्याच्या ठेचलेल्या बोटाची उपासना केली होती, आणि वीस-बावीस मुलांना तीच शिकवली होती.

"थांब, पोरी," होबार्ट म्हणाला. "दे बघू ती."

त्याने मला मांडीवर घेतले आणि धून वाजवली, तो सूर धरून. खरे सांगते, इतका नेमका हात माझ्यावर पुन्हा कधी फिरला नाही. मग त्याने मला परत तिच्या हाती दिले. "आता तुझी ऐकव."

"चुकीची?"

"मी दुखत होतं म्हणून सोडला. तुझं बोट तर धड आहे. तू का सोडतेस?"

व्हर्लीने माझ्या मानेवर त्या सुराच्या जागी बोट ठेवून पाहिले. मग म्हणाली, "तिथं मला श्वास हवा असतो."

"मग घे की श्वास. माझ्या परवानगीनं घेतेस होय?"

तिने वाजवले. बक्षीस ड्वाइटला मिळाले. परंतु त्यानंतर तळघरातल्या मुलांना ती 'थांबायचं' असे सांगेनाशी झाली. ती विचारी, "तुला तिथं काय हवंय?"

वर्षे गेली. होबार्ट पेन्ली वारला, गिरणी बंद पडली. व्हर्लीची बोटे सांधेदुखीने वाकडी झाली. तिने मला पेटीत घालून शेगडीजवळच्या कोपऱ्यात ठेवले. मनात राग नव्हता, रोज दिसत राहू नये एवढेच. सात हिवाळे मी त्या कोरड्या उष्णतेत सुकले. एका सकाळी माझी समोरची फळी, तारा जिथे टेकतात त्या घोडीपासून खालपर्यंत, चिरली. तो आवाज व्हर्लीने स्वयंपाकघरात ऐकला, पण पेटी उघडायचे धैर्य तिला पुढे दोन महिने झाले नाही.

मग तिने ड्वाइटला बोलावले. तो आता निवृत्त होता आणि वाद्ये दुरुस्त करी.

"तुझ्या बापानं हिला घडवली, आणि तू मक्याच्या भाकरीसारखी भाजलीस?" तो ओरडला.

"नीट करता येत असेल तर कर. नाहीतर तोंड बंद ठेव."

त्याने दोन्ही केले. आठवडाभर पेटीत ओला स्पंज ठेवून मला पाणी पाजले, मग फटीत सरस भरला आणि आतून लाकडाच्या पाच चकत्या लावल्या. व्रण अजून दिसतो.

आता मी येसेनिया नावाच्या मुलीकडे असते. तिचे आईवडील मेक्सिकोहून इथल्या नाताळच्या झाडांच्या बागांत कामाला आले. व्हर्ली खुर्चीत बसून तोंडीच शिकवते. येसेनियाने होबार्ट पेन्लीचे नावही ऐकले नव्हते. तरी तिचे मनगट त्याच्यासारखेच सैल फिरते. परवा ती त्या धुनेच्या माथ्यावर पोचली. तिथे तिने ना सूर वाजवला, ना ती थांबली. तिने उघड्या तळहाताने माझ्या फळीवर एक थाप मारली आणि खाली उतरली.

"हे कुणी शिकवलं?" व्हर्लीने विचारले.

"कुणी नाही. चुकलं का, आजी?"

व्हर्लीने फोन मागितला. "ड्वाइट," ती म्हणाली, "गाडी काढ आणि इकडे ये. आणि भांडायच्या तयारीनं ये."

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे वाद्य कपाटावर पडले असेल. त्याला उन्हापासून आणि शेगडीपासून दूर ठेवा, तारा जरा सैल करा. वाजवता येत नसले तरी चालेल. ज्याला वाजवावेसे वाटते, त्याच्या हाती द्या, आणि तो चुकला तर लगेच हात धरू नका.