कॅसेट म्हणजे व्हिडिओ

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. रंगाने काळी, पोटात लांबलचक फीत आणि स्वभावाने जराशी कुरकुर करणारी. तुमच्यापैकी कित्येकांनी मला पाहिलेही नसेल. असो. माझी हकीकत मात्र ऐका.

शिवणकाम करणाऱ्या एका मुलीने मला विकत घेतले. उसना कॅमेरा आणून ती दर सुट्टीला माझ्यावर एकाच गोष्टीचा पुढचा भाग चित्रित करायची. नायक कोण, तर तिचे स्वतःचे वडील, निवृत्त पोस्टमन! ती कायम कॅमेऱ्यामागे, त्यामुळे तिचा चेहरा कुठेच नव्हता. पण गोष्ट सांगणारा आवाज तिचाच. शेजारीपाजारी पाहायला जमले आणि म्हणाले, "पोरीनं खरंच पिक्चर काढला की!" मी नुसती फुलून गेले.

पुढच्याच वर्षी आजारपणात ती गेली. वडील रोज मला लावून तिचा आवाज ऐकत बसायचे. मग घराच्या भिंतींना ओल आली. मला बुरशी लागेल या धास्तीने ते मला चित्रपट आणि फिती जपणाऱ्या संग्रहालयात घेऊन गेले. मी एकुलती एक प्रत होते.

तिथे नोंदणीच्या टेबलावर एक बाई बसायच्या. सगळे त्यांना नियमबाई म्हणत. कामात चोख, मनाने वाईट नाहीत. त्यांच्या मागे भिंतीवर कागद होता: रीळ असेल तर चित्रपट, वाहिनीकडून आले तर दूरचित्रवाणी कार्यक्रम, बाकी सगळे व्हिडिओ.

"बाई, हा चित्रपट आहे बरं का," वडील म्हणाले. "माझ्या लेकीनं केलाय. सुरुवात आहे, शेवट आहे, मध्ये मी रडतोसुद्धा."

"काका, रीळ आहे का?"

"रीळ कुठून आणू? ही कॅसेटच आहे."

"मग झालं तर. कॅसेट म्हणजे व्हिडिओ."

"बरं, तुम्हाला जास्त कळतं."

अहो, कशाला मान डोलावलीत! पण त्यांना काय ठाऊक? तिथे चित्रपट कायमचे ठेवत, कार्यक्रम वीस वर्षे, आणि कोऱ्या कॅसेट संपल्या की व्हिडिओ पुसून पुन्हा वापरत. बाईंनी पाच मिनिटे जरी मला यंत्रात घातले असते! त्यांनी न पाहताच चिठ्ठी चिकटवली.

दोन वर्षांनी माझ्यावर कर्मचाऱ्यांसाठी आग विझवण्याचे प्रशिक्षण भरले गेले. मित्रांनो, पुसताना दुखत नाही. दुखले असते तर निदान कळले तरी असते.

गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे इतके दिवस येऊ न शकलेले वडील त्यानंतर काठी टेकत आले. "एकदाच ऐकू द्या," ते म्हणाले. "तिचा आवाज विसरायला लागलोय मी."

बाईंनी मला लावले. पडद्यावर लाल नळकांडे घेतलेला एक माणूस आला.

"दुसरी लागली वाटतं," वडील हसून म्हणाले.

बाईंनी मला बाहेर काढले, क्रमांक ताडून पाहिला, पुन्हा आत घातले. पुन्हा तोच माणूस. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या बंद करू लागल्या, तर वडिलांनी त्यांचा हात धरला. "राहू द्या. शेवटी असेल कुठंतरी."

ते सगळे प्रशिक्षण पाहत बसले. मग पडद्यावर मुंग्या आल्या. तरी ते कान देऊन ऐकत होते.

"बाई, कुठं ठेवलात हो तिचा आवाज?"

"काका, माझं चुकलं," एवढेच बाई बोलल्या, आणि टेबलावर डोके ठेवून ढसाढसा रडल्या. वडीलच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तो आवाज मलाही आठवत नाही, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

मित्रांनो, कोणावरही चिठ्ठी चिकटवण्याआधी आत काय आहे ते एकदा बघा हो. तेवढाही वेळ नसेल, तर चिठ्ठी कोरी ठेवा.

वडील घरी परतल्यावर बाईंनी माझी जुनी चिठ्ठी खरवडून काढली आणि नवी लावली: चित्रपट. आता मी थंड खोलीत, पोलादी कपाटात असते. दर महिन्याला माझ्यावरची धूळ पुसतात. आता मला कोणीही, कधीही पुसून टाकणार नाही.