अध्यक्षांचा हात वर होईपर्यंत

मी एक जुनी घंटा आहे, मित्रांनो, पण मोडीत काढायच्या लायकीची नाही. तसं म्हणणारे पुष्कळ आले नि गेले, मी आहे. ओतारीदादाने मला ओतून पहिला ठोका दिला, तर तोच दचकला. म्हणाला, "ही तर सासूची हाक झाली." विधानसभेच्या दारावर अशीच हाक हवी होती. तिथे मला टांगलं.

सरकारला खजिन्यातला पैसा हवा असेल, तर सभागृहाला विचारावं लागतं. मत घ्यायच्या आधी मी वाजते, म्हणजे बाहेरचे आमदार आत येतात. अध्यक्षांनी हात वर केला की मी गप्प, दारं बंद. मग बाहेर राहिला तो राहिला.

एका वर्षी राज्याच्या प्रमुखाने स्वतःची वेगळी फौज उभारायचा घाट घातला. ती कोणाला पकडणार, कुठे डांबणार, कोणी विचारायचं नाही. पैसा मात्र सभागृहाने द्यायचा. लबाडाने मागणी मांडली ती नेमकी जेवणाच्या वेळी. विरोधक अंगणापलीकडे जेवत होते. याची माणसं आत, उपाशीपोटी, कडक इस्त्रीत.

मी वाजू लागले.

अध्यक्ष त्याचे सासरे. तो त्यांच्या खुर्चीपाशी वाकला. दोन ठोक्यांच्या मधलं मला ऐकू येतं; कान म्हातारे असले तरी तिखट आहेत.

"मामा, पुरे झालं. हात वर करा."

"येऊ द्या त्यांना."

"जावयाचा शब्द मोडता?"

"जावईबापू, घरी या, मागाल ते वाढीन. हे ताट माझं नाही."

तो हसला. "तुमची लेक माझ्या घरात आहे, एवढं ध्यानात ठेवा."

अध्यक्षांचा हात अर्धवट उचलला गेला. मला वाजवणाऱ्या दारवानाने ते पाहून माझा दोर सैल सोडला. माझा ठोका अर्धाच राहिला. अंगणात माणसं धावत होती. कोणाचा हात खरकटा, कोणाच्या तोंडात घास, एका काकूंच्या तर चपला हातात. अध्यक्षांचा हात अधांतरी. मग त्याच हाताने त्यांनी कपाळ पुसलं आणि तो मांडीखाली दाबून धरला.

"वाजव," ते दारवानाला म्हणाले.

काकू आत आल्यावरच दारं लागली. मोजणी झाली. मागणी पडली.

दुसऱ्या दिवशी लेक पेटी घेऊन माझ्याखाली उभी. अध्यक्ष बाहेर आले.

"त्यांनी काढलं तुला?"

"त्यांची काय टाप, बाबा. मीच निघाले."

अध्यक्षांनी तिची पेटी उचलली.

आता माझ्या जागी विजेचा भोंगा आहे. पाहुणे यायचे असले की मला घासतात, फोटो काढतात. भोंगा वाजतो आणि आमदार म्हणतात, "चहा तरी संपू दे, आपल्या एका मताने काय होतंय?" ऐकून अंगाचा तिळपापड होतो.

मित्रांनो, मला घासू नका, काळी पडले तरी चालेल. पण उद्या तुमच्यातलं कोणी आमदार झालं, तर हाक आल्यावर घास टाकून उठा. आणि बाकीच्यांनी आपल्या आमदाराला विचारा, मत घेतलं तेव्हा तुम्ही कुठे होता? विचारायला लाजू नका.