मावशींचं कण्हणं

"उजवीकडे खाली दुखतंय असं समजा, आणि कण्हा," काचेपलीकडून तंत्रज्ञ म्हणाला.

मावशी कण्हल्या. आधी लांब, मग तुटक, शेवटी "आई गं". वैद्यकीय कॉलेजात शिकाऊ डॉक्टरांसमोर खोटी पेशंट होऊन झोपायचं, हेच त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. पोरं पोट दाबून बघायची. गार हात लागला की मावशी दटावायच्या, "आधी हात चोळ रे मेल्या." नवऱ्यामागे याच कामावर त्यांनी घर रेटलं होतं आणि त्याचा त्यांना तोराही होता. "सगळे पोटासाठी राबतात, मी पोट दाखवून राबते," असं त्या नणंदेला ऐकवायच्या.

चांगले दोन दिवस मावशींचं कण्हणं रेकॉर्ड करून घेतल्यावर विभागाच्या मुख्य बाईंनी सांगितलं, की यापुढे पडद्यावरची पेशंट हे काम करणार. कृत्रिम बुद्धिमत्तेची. चेहरा भलताच, आवाज मात्र मावशींचा. "तुम्ही आता आराम करा, मावशी," बाई गोड हसून म्हणाल्या. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

"तुझाच आवाज आणि तुलाच नारळ?" नणंद भडकली. "वहिनी, तू गप्प कशी बसलीस गं?"

मावशी काय बोलणार? कण्हून कण्हून घसा बसला होता.

दोन-तीन वर्षांनी मावशींच्या पोटात खरोखरच दुखायला लागलं. नणंदेने त्यांना धरून इस्पितळात नेलं. तपासायला कोवळा डॉक्टर होता, त्याच कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, पडद्यापुढे बसून शिकलेला. पडद्याला पोट नव्हतं, त्यामुळे तो प्रश्न विचारण्यात मोठा पटाईत होता.

मावशी मुटकुळं करून बसल्या होत्या. घामाने पदर भिजला होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. कुठे दुखतं म्हणून विचारल्यावर त्यांनी उजवीकडे खाली नुसतं बोट दाखवलं.

डॉक्टरने पोटावर हात ठेवल्यासारखं केलं. "अपेंडिक्स असतं ना काकू, तर माणूस असा शांत बसत नाही. मी ढिगाने केसेस केल्यात."

"कुठे केल्यात?" नणंदेने विचारलं.

"कॉलेजात, पडद्यावर. अगदी हुबेहूब असतात. हा गॅस आहे. गोळ्या देतो, उद्या दाखवा."

"उद्यापर्यंत ही राहायला हवी ना," नणंद म्हणाली. पण तो गोळ्या लिहायला लागला होता.

तेव्हा मावशींच्या डोक्यात प्रकाश पडला. हा बाबा त्यांच्याच कण्हण्याची वाट बघत होता. तळपायाची आग मस्तकाला गेली, पण जीव वाचवायचा होता. त्यांनी डोळे मिटले आणि ते सगळं सोंग पुन्हा काढलं. आधी लांब, मग तुटक, शेवटी "आई गं". प्रत्येक वेळी पोटात सुरी फिरल्यासारखं होत होतं.

डॉक्टर ताडकन उठला. "अहो, हे तर सरळसरळ अपेंडिक्स," म्हणत त्याने सर्जनला फोन लावला. खरं दुखणं घेऊन आलेल्या बाईला खोटं कण्हून दाखवावं लागलं. आग लागो असल्या शिक्षणाला.

फुटायच्या बेतात होतं, असं सर्जन म्हणाले. टाके निघायच्या आतच मुख्य बाई फळं घेऊन वॉर्डात हजर झाल्या.

"तुम्ही म्हणे आधी अगदी गप्प होतात," त्या स्टूल ओढत म्हणाल्या. "असं गप्प दुखणं आमच्या पडद्याकडे नाहीच. टाके दुखतायत तोवर थोडं चित्रण करून घेऊ या? पोरांच्याच भल्याचं आहे."

नणंद उसळून उठली. मावशींनी तिला हाताला धरून खाली बसवलं.

"पोरांनाच पाठवा," त्या म्हणाल्या. "येऊन हात लावून बघू देत."

"पोरांना कुठे वेळ असतो, मावशी?"

"मग राहू दे."

मावशींनी चादर गळ्यापर्यंत ओढली आणि भिंतीकडे कूस वळवली. वळताना टाके चांगलेच ताणले गेले. बाई कान देऊन बसल्या होत्या. मावशींनी हूं की चूं केलं नाही.