एकच गोळी

मास्तरांची खोडच तशी. शिवण जरा कच्ची वाटली की तिच्यावर दुसरी टीप मारल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. गिऱ्हाइकं चिडवायची, "मास्तर, कापड फाटेल, पण तुमची शिवण उसवायची नाही." काजं मात्र बायकोच्या हातची. तशी सफाई मशीनलाही जमली नसती, आणि तीच बोटं गेलं वर्षभर ती सकाळी उठली की लाकडासारखी झालेली असायची. सुई धरायची म्हणजे दुपार उजाडायची.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. शरीरात पहारा असतो, बाहेरचे जंतू हाकलायला. यांच्या शरीरातला पहारेकरी घरच्यांनाच चोर समजतोय आणि सांध्यांवर तुटून पडतोय. या गोळ्या त्याला आवर घालतील.

मास्तरांच्या डोक्यात एवढंच बसलं, की गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते. आधीच खंगलेल्या बाईची शक्ती आणखी काढून घ्यायची? विरलेल्या कापडाला माणूस आतून अस्तर लावतो, त्याचे धागे ओढत बसत नाही. तिला गोळ्यांचं पाकीट फोडता येत नसे, ते काम मास्तरांचं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या दोन गोळ्यांऐवजी ते एकच देऊ लागले, वर चमचाभर ताकदीचं टॉनिक. ती न बघता तळहात पुढे करायची.

आज डॉक्टरीणबाई बोटांचा नवा एक्स-रे बराच वेळ बघत राहिल्या.

"एव्हाना गुण यायला हवा होता. गोळ्या चुकवत नाही ना?"

"छे हो," बायको म्हणाली. "हे स्वतः हातावर ठेवतात."

मास्तरांच्या अंगात खोटं बोलण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं. "एकच देत होतो," ते म्हणाले. "ताकद जाईल म्हणून."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, ते मास्तरांना जास्त लागलं. "वाकलेली बोटं आता सरळ होणार नाहीत," त्या म्हणाल्या. "उरलेली वाचवू या."

दोघं घरी आली. मग पलंगावर टेकत बायको म्हणाली, "माझं अंगच माझ्यावर उठलंय म्हणून मी त्यालाच दोष देत होते हो."

तिने पाकीट उचललं. बोटं पुन्हापुन्हा घसरली. मास्तरांचा हात सवयीने पुढे गेला, तशी तिने पाकीट बाजूला ओढलं. शेवटी दातांनी फोडून दोन्ही गोळ्या तळहातावर काढल्या.

"पाणी तेवढं द्या," ती म्हणाली.