‘हौस’ची दुसरी मात्रा

तळहाताएवढ्या पांढऱ्या कापडावर गुलाबी दोऱ्याने भरलेला ‘ह’, त्याच्या शेपटीला तीन वेढे, आणि तिसरा वेढा थेट पुढच्या ‘स’च्या पायात अडकलेला... तिने कापड टेबलावर उपडं घातलं. मागच्या बाजूला नुसत्या गाठी होत्या. त्या अक्षरांपेक्षा बऱ्या वाटल्या. ‘हौस’. वहिनीने स्वतः भरून पाठवलेलं, तिच्या शिवणकामाच्या नव्या दुकानाचं नाव. भावाला जाऊन दोन वर्षं होत होती, आणि वहिनीला दुसरं नाव सुचलं नव्हतं.

अकरा वाजता वहिनी येणार होती. वहिनीला दाखवायला तिने पाटीचे तीन नमुने छापून ठेवले होते, तिन्ही सरळ, सडपातळ, कुठे एक वळण जास्तीचं नाही. ऑफिसात तिच्या माघारी तिला ‘मोजपट्टी’ म्हणत हे तिला माहीत होतं, आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता. वीस वर्षांत तिने पाट्या केल्या, खोकी केली, पुस्तकांची वेष्टनं केली. घाईतल्या माणसाला लांबून वाचता आलं पाहिजे, अक्षराने आपलं काम करावं, नाचू नये — पण हे सगळं ती अक्षरांबद्दलच म्हणत होती का? भाऊ गेल्यावर महिनाभरात वहिनी पिवळंधमक काहीतरी घालून दारात उभी राहिली होती, आणि हिने दार उघडून “या” म्हटलं होतं. ये नाही, या. त्या एका अक्षरात जे काही मिटलं ते अजून उघडलं नव्हतं.

आणि ते कार्ड... भाऊ गेल्याचं नातेवाइकांना कळवायचं कार्ड. वहिनीने तेव्हा एवढंच विचारलं होतं, “कडेला थोडी वेलबुट्टी घालशील? त्यांना आवडायची.” मी म्हटलं, अशा कार्डावर शोभत नाही. काळी चौकट, बारीक अक्षरं, मध्ये नाव; सगळे म्हणाले, किती नेमकं केलंयस. नेमकं! विजेची मीटरं वाचत घरोघर फिरणारा माझा भाऊ, त्याच्या वहीत आकड्यांच्या कडेलासुद्धा पानं फुटायची, वेली चढायच्या. हे मला ठाऊक नव्हतं थोडंच.

“नटवे टाईप काढलेस का? नक्षीची अक्षरं?” ऑफिसचे मालक तिच्या मागे येऊन उभे होते. वयाने मोठे, सगळे त्यांना काका म्हणत. हयात छापखान्यात गेलेली.

“मला नाही जमत ते, काका.”

“त्यात जमायचं काय? नटवा टाईप म्हणजे मोठा जावई. घरात एकच बरा, आणि त्याला मधोमध बसवायचा. दुसरा आला की मानपान सुरू.” एवढं बोलून ते चहा प्यायला गेले.

वहिनी आली ती बरोबर अकराला. तिन्ही नमुने तिने हातात धरून पाहिले, मान तिरकी करून, कापडाचा पोत पाहावा तसे. बराच वेळ.

“छान आहेत,” ती म्हणाली. “इथे दात काढून मिळतील असं वाटतंय.”

तिला हसू आलं. आवरायचं म्हणून तिने खाली पाहिलं, मान वर केली तर वहिनीच हसत होती. आणि मग वहिनीचं हसू एकदम थांबलं. “तुला नाव आवडलेलं नाही, वन्सं. मला कळतं. पण एक सांगू? दवाखान्यात शेवटच्या दिवसांत ते मला म्हणाले, आपण कशाची हौस केलीच नाही गं. दुःखाने नाही म्हणाले. छत्री घरी राहिली असं सांगावं ना, तसं म्हणाले. मी तेव्हाच ठरवलं.”

हे मला कुणी सांगितलं नव्हतं... की मी कुणाला सांगू दिलं नव्हतं? तिने खुर्ची ओढून शेजारी सरकवली आणि म्हणाली, “बस इथे.” ‘बसा’ म्हणायचं राहून गेलं हे तिच्या जरा वेळाने लक्षात आलं.

संगणकात दीडदोनशे नटवे टाईप नुसते पडून होते. ती एकेकात ‘हौस’ टाकत गेली. एकाची अक्षरं ओल्या फितीसारखी, एकाच्या रेघांना काटे, एकाच्या प्रत्येक टोकाला फूल डकवलेलं, ओढलं तर हातात येईल असं. दर वेळी तिचं मन नाही म्हणत होतं, पण आता त्या नाहीला कारणं सापडत होती, आणि कारणं सापडली की राग कमी होतो. नक्षी वरून चिकटवलेली नको. मग एक टाईप असा आला की ‘ह’ची शेपटी जिथे संपायची तिथे न संपता, दम न लागता, सहज पुढे गेली आणि वळली. दोघी पडद्याकडे वाकल्या.

“हाच,” वहिनी म्हणाली.

ती उठून खोलीच्या पार टोकाला गेली आणि डोळे बारीक करून तिने पडद्यावरचं नाव वाचलं. “होस.”

“काय?”

“लांबून ‘होस’ वाचलं जातंय. कान्यावरच्या दोन्ही मात्रा एकमेकींत गेल्यात. दुसरी मला हाताने काढावी लागेल.”

“आणि मोकळी कर जरा,” वहिनी पडद्याकडे बघत म्हणाली. “चुणीला जागा लागते. जागा नाही ठेवली तर चुणी राहत नाही, चोळामोळा होतो. गिऱ्हाइकांना सांगून सांगून माझं तोंड दुखतं.”

वीस वर्षं ही गोष्ट ती नवशिक्यांना अवघड शब्दांत समजावत आली होती. तिने अक्षरांभोवतीची जागा वाढवली. खालची ‘कपडे शिवून मिळतील’ ही ओळ वहिनीला तसल्याच अक्षरांत हवी होती. ती म्हणाली, “नको, जावई एकच,” आणि अर्थ सांगितल्यावर वहिनीने ती ओळ साधी ठेवायला आढेवेढे न घेता होकार दिला.

निघताना वहिनीने दारातून विचारलं, “दुकान उघडायच्या दिवशी येशील?”

“बघते.”

हे नाही नव्हतं. पण हो तरी कुठे होतं? तिचं तिलाच कळत नव्हतं. वहिनी गेल्यावर तिने पेन्सिल घेतली आणि कागदावर मात्रा काढली, खोडली, काढली. पिवळा रंग तिला अजूनही खुपत होता, कार्डाचं बोलायचं राहिलंच होतं, आणि ते बोलायला शब्द लागतील, ते कसे जुळवायचे ते माहीत नव्हतं... सातव्या खेपेला दुसरी मात्रा पहिलीपासून थोडी दूर झुकली, जराशी वाकडी. तिने खोडरबर उचललं नाही.

दुकान उघडायच्या दिवशी काय घालून जायचं? कपाटातले कपडे एकामागून एक डोळ्यांपुढून गेले — करडा, काळा, पुन्हा करडा. वहिनीकडून एक शिवून घ्यावा का? वहिनी पहिल्यांदा रंग विचारील. निळा... नको, शेवाळी? लालही चालेल एखादे वेळी. की बारीक फुलांचा? तिला काही केल्या ठरवता येईना, आणि हे न ठरणं तिला बऱ्याच दिवसांनी बरं वाटत होतं.