मुंडीचा मान

सोनईच्या पलीकडच्या त्या धनगरवस्तीत देवाची निवड कधी चुकत नसे. दरवर्षी चैत्रात, बिरोबाच्या जत्रेआधी, एखादा मेंढा मान वाकडी करून एकाच जागी गरागरा फिरू लागायचा आणि वस्ती हात जोडायची, "देवानं मागितला!" सरळ चालणारा, गुबगुबीत मेंढा मागायची बुद्धी देवाला कधी झाली नाही. देव असा सोयीचा मिळाला, की भक्ती जड जात नाही.

मेंढा कापला की मटण सगळ्यांचं; मुंडी मात्र कच्चीच, वस्तीतल्या मानाच्या कुत्र्याला. आता मानाचं कुत्रं कुणाचं? यावरून कानिफनाथ आणि त्याचा चुलतभाऊ गोरक्षनाथ एकमेकांच्या उरावर बसले. सत्तर सालच्या जत्रेत कानिफनाथ जिंकला. त्याच्या चित्त्या कुत्र्यानं सगळ्यांदेखत मुंडी फोडून खाल्ली आणि धन्यानं मिशीला असा पीळ दिला, जणू तालुका मारला. गोरक्षनाथाचं कुत्रं भाकरीवरच राहिलं, आणि दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं.

यात भरडल्या गेल्या दोन सख्ख्या बहिणी. थोरली केशरबाई कानिफनाथाची बायको, धाकटी साळूबाई गोरक्षनाथाची. बिचाऱ्या विहिरीवर चोरून बोलायच्या.

दिवाळी झाली आणि कानिफनाथाची मेंढरं फिरू लागली. आधी एक, मग दुसरं, मग रांगच लागली. देवाला आता जत्रेपर्यंतही दम निघेना! गोरक्षनाथाची मेंढरं मात्र ठणठणीत. मग काय, कानिफनाथाला सगळं उमगलं: गोरख्यानं करणी केली! करणी उतरवायला त्यानं कोंबडी कापली, आणि मेलेल्या मेंढरांच्या मुंड्या चित्त्याला घातल्या. करणीशी झुंजायला कुत्र्याच्या अंगात ताकद नको? धन्य ती अक्कल!

शेवटी केशरबाईनंच हट्टानं जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं एका मेलेल्या मेंढीची कवटी फोडली. आत मेंदूला चिकटून लिंबाएवढा पाण्याचा फोड.

"ही मुंडी कुत्र्यानं खाल्ली, की त्याच्या पोटात जंत होतात," डॉक्टर म्हणाला. "जंताची अंडी त्याच्या विष्ठेतून गवतावर, गवतातून मेंढराच्या पोटात, आणि तिथून डोक्यात. मुंड्या जाळा, नाहीतर खोल पुरा. कुत्र्याला जंताचं औषध द्या."

कानिफनाथ चारचौघांत हसला. "आमच्या बापजाद्यांची कुत्री काय बटाटं खात हुती?"

पण दुसऱ्या दिवसापासून चित्त्याच्या तोंडाला मुंडी लागली नाही. औषधही गुपचूप आलं. शहाणपण चारचौघांत कबूल केलं तर नाक जातं. घरात कबूल केलं तर कुणाला कळतंय?

जत्रा जवळ आली तसा एकदा जेवताना कानिफनाथ म्हणाला, "केशरे, औंदा मुंडीचा मान गोरख्याला द्यायचा. माझ्या हातानं."

केशरबाईला भरून आलं. "भांडान मिटवताय व्हय?"

"मिटवतोय तर!" तो खदाखदा हसला. "बघू आता त्येची कशी सरळ चालत्यात."

केशरबाईनं हातातला घास ताटात ठेवला. साळूच्या घरात मेंढरांशिवाय होतं काय? ना वावर, ना बैल. दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेली तर साळूबाई आनंदानं नुसती फुलली होती. "आक्का, दाजींनी मान द्यायचा सांगावा धाडला गं! आमचं ह्ये तर रडलं."

"साळे, घेऊ नगंस ती मुंडी. रोग हाय त्यात."

साळूबाईचा चेहरा उतरला. "तुमच्या कुत्र्यानं खाल्ली तवा मान, आन आमच्या वाट्याला आली की रोग? सांग की सरळ, बघवत न्हाई म्हनून!"

जत्रेत कानिफनाथानं कपाळभर भंडारा माखला, मुंडी परातीत घेतली आणि भावाच्या प्रेमावर भाषण ठोकलं. हलकटपणाला एवढा गोड गळा वस्तीनं आजवर ऐकला नव्हता. गोरक्षनाथाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं हात पुढं केले, एवढ्यात केशरबाई गर्दीतून घुसली. तिनं मुंडी उचलली आणि रश्श्याच्या चुलवणातल्या जाळात भिरकावली.

"रोग हाय त्यात! ह्येंला ठावं हाय!"

कानिफनाथ कसला डगमगतोय! कपाळावर हात मारून म्हणाला, "बघ गोरख, म्या मान द्यायला निघालो, आन ही बया आडवी आली."

"दादा, तुझा काय दोस?" गोरक्षनाथ म्हणाला. "तुझं नशीबच फुटकं."

वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारे ते दोघे भाऊ मग मांडीला मांडी लावून जेवायला बसले आणि एका सुरात केशरबाईला शिव्या घालू लागले. एकी व्हावी तर अशी!

पुढची दिवाळी आली, गेली. साळूबाईचं एकही मेंढरू फिरलं नाही. केशरबाई माळावर लांब उभी राहून एकेकाची मान न्याहाळायची. सगळ्या सरळ दिसल्या की तिचा जीव भांड्यात पडायचा. आणि ती दिसली रे दिसली, की साळूबाई घाईघाईनं कळप दुसरीकडं हाकायची. आक्काची नजर लागू नये म्हणून.